नाशिमेची फाईल : प्रकल्प नोंदी

४ जून
आज चिठ्ठ्या टाकल्या. जपानी क्लासच्या ग्रुपने ठरवलंय की जुन्या जपानमधलं एकेक माणूस घ्यायचं आणि त्याच्यावर मराठीत एक पॅनेल करायचं, जास्तीत जास्त ५०० शब्द, एखादा नकाशा किंवा चित्र, आणि ऑगस्टअखेर क्लासच्या हॉलमध्ये लावायचं. मी पोचेपर्यंत नोबुनागा, मुसाशी, मुरासाकी शिकिबू सगळे गेलेले. भांड्यात एकच चिठ्ठी उरलेली, त्यावर 'नाशिमे'. ताई म्हणाली हा कोण रे बाबा. सेन्सेई, म्हणजे आमच्या जपानीच्या बाई, नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या तुझं वाचन सगळ्यात कमी असणार. ते किती खरं किती खोटं बघू.

६ जून
ठीक, बेसिक माहिती झाली. नाशिमे हा जुन्या जपानमधल्या यामाताई देशाच्या हिमिको राणीने चीनला पाठवलेला माणूस, काळ इसवी सन तिसरं शतक. जपानमध्ये तेव्हा स्वतःचं लिखाण नव्हतंच, त्यामुळे तिकडून एक ओळही नाही. जे आहे ते चीनच्या वेई राज्याच्या इतिहासात, चेन शोउ नावाच्या इतिहासकाराने लिहिलेलं. जपानच्या लोकांना ते 'वा' म्हणतात, त्या 'वा'वरचं प्रकरण जेमतेम दोन हजार अक्षरांचं आहे आणि आपला माणूस त्यात मधूनमधून येतो. गंमत म्हणजे नाशिमे वेईच्या राजधानीला, लोयांगला, पोचला तेव्हा चेन शोउ सहा-एक वर्षांचा पोरगा होता, आणि तोही वेईच्या शत्रूच्या म्हणजे शू राज्यात. त्याने हे सगळं कित्येक वर्षांनी जुनी कागदपत्रं आणि आधीची पुस्तकं समोर ठेवून लिहिलं.

मूळ मजकूर भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला तर राणीने 'कठीण तांदूळ' नावाचा अधिकारी पाठवला असं आलं. पंधरा मिनिटं हसलो मग कळलं की ॲपची चूक नाहीये. नाव तीन अक्षरांत लिहिलंय, पहिल्याचा अर्थ अवघड, दुसरं अक्षर म्हणजे शो, हे धान्य मोजायचं माप, आपल्या शेर-मापट्यासारखं, आणि तिसरं तांदूळ. चिनी कारकुनाने कानावर पडलेला उच्चार जवळच्या अक्षरांत बसवला, अर्थाशी देणंघेणं नाही. जपानीत नाशिमे वाचतात, काहीजण नान्शोमाई. पॅनेलवर नाशिमेच.

९ जून
नाव किती वेळा येतं ते मोजलं. सहा. एक्सेलमध्ये सहा ओळी केल्या, कोण बोलतंय, कुठे, कशासाठी. रात्री ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला तर सेन्सेईंचा रिप्लाय, सात आहेत परत बघ. बघितलं. बादशहाच्या फर्मानात एकाच वाक्यात दोनदा आलाय, 'नाशिमे आणि गोरी दूरवरून आले, वाटेत कष्ट झाले, म्हणून आता नाशिमेला अमुक हुद्दा देतो' असं, आणि माझा डोळा दुसऱ्यावरून घसरला. सात तर सात. दोन हजार अक्षरांत सात वेळा नाव येणं म्हणजे त्या प्रकरणात हा स्टारच आहे म्हणायचं, बाकीचे वकील एकदा ते चारदा येऊन गायब.

जोडीदाराचं नाव तोशी गोरी. मराठी माणसाला हे वाचून हसू येणार, पॅनेलवर एकदाच लिहायचं.

१३ जून
वर्षाचा घोळ. मूळ मजकुरात जिंगचू २ (जिंगचू हे बादशहाच्या शकाचं नाव) म्हणजे २३८, सहावा महिना, तेव्हा हिमिकोने नाशिमेला दायफांगला पाठवलं. दायफांग म्हणजे कोरियन द्वीपकल्पाच्या पश्चिम भागातला चिनी प्रांत, तिथून पुढे लोयांग. पण २३८ च्या उन्हाळ्यात तिकडे काय चाललं होतं? वेईचा सेनापती सिमा यी लियाओदोंगमध्ये बंडखोर सरदार गोंगसुन युआनला वेढा घालून बसलेला, आणि दायफांग आधी गोंगसुन घराण्याच्याच ताब्यातलं. युआन मेला आठव्या महिन्यात. म्हणजे राणीचा वकील ऐन लढाईच्या धुराळ्यात रस्ता काढत गेला असं मानायला लागतं. त्यामुळे बरेचसे अभ्यासक म्हणतात की ते ३ हवं, म्हणजे २३९. निहोन शोकी या जपानी बखरीत वेईचा इतिहास उद्धृत केलाय तिथे ३ आहे, आणि लियांग घराण्याच्या चिनी इतिहासातही ३ च.

एका वर्षाने काय फरक पडतो तर पडतो. फर्मान निघालं बाराव्या महिन्यात. २३८ धरलं तर ते वेईचा बादशहा त्साओ रुईचं, जो तेव्हा आजारी होता आणि २३९ च्या पहिल्याच दिवशी (चिनी वर्षाच्या) वारला. २३९ धरलं तर गादीवर आठ वर्षांचा पोरगा, म्हणजे एवढं गोड गोड फर्मान कुणातरी मंत्र्याने लिहिलेलं. मी पॅनेलवर २३९ लिहिणार आणि खाली बारीक अक्षरात मूळ मजकुरात २३८ असल्याचं देणार. दादा म्हणतो कोण वाचतंय बारीक अक्षर. मी वाचतो.

१७ जून
शब्दांवर अडलोय. मजकुरात नाशिमेला 'तायफू' म्हटलंय. ही चिनी पदवी, पण त्याच प्रकरणात लिहिलंय की वा लोकांचे वकील पूर्वीपासून चीनला आले की स्वतःला तायफूच म्हणवून घेतात. ५७ साली 'ना' देशाचा वकील आला तोही तायफू. म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर सगळेच डायरेक्टर. मराठीत काय करू? अमात्य लिहिलं तर वाचणाऱ्याला अष्टप्रधान आठवणार, सरदार म्हटलं तर घोडा. शेवटी 'वकील' पक्का केला, पेशवाईतला दरबारी वकील या अर्थाने, कोर्टातला नाही, आणि तसं पहिल्याच ओळीत सांगणार. गोरी म्हणजे उपवकील.

लोयांगला मिळालेला हुद्दा त्याहून अवघड. शब्दशः केला तर 'चांगल्याची कास धरलेला मधल्या रक्षकांचा सेनानी' असं काहीतरी होतं. हा वेईच्या सैन्यातला खरा हुद्दा नाही, सीमेपलीकडच्या मित्र सरदारांना द्यायचा मान, कोरियातल्या हान टोळ्यांच्या म्होरक्यांनाही असलेच हुद्दे देत. आपल्याकडे बादशहा पंचहजारी द्यायचा, पाच हजार घोडी असोत नसोत, तसलाच प्रकार. सोबत चांदीचा शिक्का आणि निळी फीत. राणीला सोन्याचा शिक्का, जांभळी फीत आणि 'वेईशी स्नेह असलेली वा ची राणी' ही पदवी. दोन्ही शिक्के आजवर सापडलेले नाहीत. ५७ साली 'ना' देशाला मिळालेला सोन्याचा शिक्का मात्र १७८४ मध्ये शिकानोशिमा बेटावर एका शेतकऱ्याला पाटाचं काम करताना मिळाला.

२५ जून
नकाशा. दोन दिवस यातच गेले आणि अजून पूर्ण नाही. दायफांगहून किनाऱ्याकिनाऱ्याने सात हजार ली, मग एकेक हजार लीच्या तीन समुद्री उड्या, त्सुशिमा, इकी, आणि क्यूशूचा किनारा. पुढे जमिनीवरून ५०० ली गेलं की इतो नावाचा देश. इथपर्यंत सगळे एकमताने. मग दक्षिणेला पाण्यातून वीस दिवस, परत दक्षिणेला पाण्यातून दहा दिवस आणि जमिनीवरून एक महिना, की आलं यामाताई. एकूण १२,००० ली. वेईचा ली साधारण ४३० मीटर धरून आणि दक्षिण म्हणजे खरंच दक्षिण मानून रेघ ओढली तर माझी राणी पॅसिफिक महासागरात बुडाली. यामाताई क्यूशूत का नारात हे भांडण १९१० पासून जोरात आहे, मी त्यात पडत नाही, नकाशा इतोपर्यंत ठळक आणि पुढे तुटक रेघ, दोन्हीकडे.

पण वाचता वाचता एक परिच्छेद मिळाला आणि नकाशा बाजूला पडला. वा लोक समुद्रापार चीनला जाताना बोटीवर एक माणूस घेतात. त्याने केस विंचरायचे नाहीत, उवा काढायच्या नाहीत, कपडे मळले तरी तसेच, मांस नाही, बाईजवळ जायचं नाही, सुतकात बसल्यासारखं राहायचं. प्रवास नीट झाला तर त्याला गुलाम आणि मालमत्ता. कुणी आजारी पडलं किंवा वादळ लागलं तर त्याला मारायला निघायचे, कारण याने नेम नीट पाळला नाही. नाशिमेच्या बोटीवर असला कुणी होता असं कुठे लिहिलेलं नाही पण चालच ती होती, तर असणार. वकील परत आला, सामान आलं, म्हणजे त्या उवा झालेल्या माणसाची चांदी झाली असणार. मला खरं तर याच्यावर पॅनेल करायचंय आता.

५ जुलै
सामानाची यादी. हा दिवस एकदम भारी गेला, ऑफिसचं कॉल म्यूट करून हेच करत बसलेलो.

नाशिमेने नेलं काय तर १० गुलाम, ४ पुरुष ६ बायका, आणि नक्षीचं कापड अडीच ठाण. बस. आणि आणलं काय ते बघा. फर्मानात एकेक वस्तू मोजून आहे: किरमिजी पार्श्वभूमीवर नागमोडी ड्रॅगनची जर ५ ठाण, लाल कापड ५० ठाण, गर्द निळं ५० ठाण, लोकरीचे पट्टे १०. ही नजराण्याची परतफेड. शिवाय खास राणीसाठी निळी नक्षीची जर ३ ठाण, बारीक फुलांची लोकर ५, पांढरं रेशीम ५० ठाण, सोनं ८ लियांग, पाच चिनी फुटी तलवारी २, ब्रॉन्झचे आरसे १००, मोती आणि शेंदूर प्रत्येकी ५० जिन.

वेईचा फूट साधारण २४ सेंटीमीटर, एक ठाण चाळीस फुटांचं, म्हणजे साडेनऊ मीटर आणि वर थोडं. आपल्या नऊवारीपेक्षा जरा जास्त. ठाणांची बेरीज १५८. म्हणजे दीड किलोमीटर कापड! नेलं होतं २४ मीटर. पाच फुटी तलवार म्हणजे आजचे १.२ मीटर. सोनं आजच्या हिशोबात ११० ग्रॅम, शिकानोशिमाचा शिक्का १०८ ग्रॅमचा आहे, म्हणजे एका शिक्क्याएवढं सोनं. मोती आणि शेंदूर प्रत्येकी अकरा किलोच्या आसपास. आईला दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, एवढं देणाऱ्याला काय पाहिजे होतं. बरोबर प्रश्न आहे. दक्षिणेला वू राज्य, त्याच्याशी वेईचं वैर, आणि समुद्रात कुठेतरी ७०,००० घरांचं यामाताई आपल्या बाजूने आहे हे जगाला दिसणं. फर्मानातच लिहिलंय की हे सगळं तुझ्या देशातल्या लोकांना दाखव, म्हणजे आमची माया तुझ्यावर आहे हे त्यांना कळेल. दाखवण्यासाठीच दिलेलं.

आणि मग ते वाक्य. सगळं पेटाऱ्यात भरून, सील करून, नाशिमे आणि गोरी यांच्याकडे सोपवलं आहे, पोचल्यावर यादी ताडून ताब्यात घे. हे तर डिलिव्हरी चलन आहे की. पॅनेलचं डिझाईन बदलायचं. माणसाचं काल्पनिक चित्र वगैरे काढणार होतो ते रद्द. चलनच करायचं, वर पाठवणार, खाली घेणार, मध्ये वस्तू आणि नग, आणि 'हस्ते' च्या रकान्यात नाशिमे.

६ जुलै
कालचं परत वाचलं. वस्तूंच्या यादीत 'गुलाम १०' ही ओळ कापडाच्या वर टाकली होती मी, तशीच, नग दहा. मूळ मजकुरातही तशीच आहे. पॅनेलवर ती ओळ यादीतून काढून वेगळी, पूर्ण वाक्यात लिहिणार. नाव त्यांतल्या एकाचंही नाही.

१२ जुलै
आरसे. हा विषय म्हणजे दलदल आहे, एक पीडीएफ उघडली की दहा टॅब. त्रिकोणी कडेचे देव-प्राण्यांचे आरसे, साधारण २२ सेंमी व्यासाचे, जपानच्या जुन्या थडग्यांत पाचशेच्या वर मिळालेत. पूर्वी म्हणायचे हेच ते हिमिकोचे. पण दिले १०० आणि सापडले ५००, शिवाय चीनमध्ये उत्खननात या जातीचे मिळतच नाहीत. मग कुणी म्हणतं खास वा साठी बनवले, कुणी म्हणतं जपानातच बनले.

शिमानेमधल्या एका थडग्यातल्या आरशावर जिंगचू ३ कोरलंय, म्हणजे बरोबर नाशिमेचं वर्ष, तिथे माझ्या अंगावर काटा आला होता. आणि मग क्योटोजवळच्या फुकुचियामामध्ये १९८६ ला निघालेला आरसा, त्यावर जिंगचू ४. हे वर्ष झालंच नाही! बादशहा वारला, पुढच्या वर्षी शकाचं नाव बदललं, जिंगचू ३ नंतर थेट झेंगशी १. म्हणजे आरसा करणाऱ्याला एकतर बातमी पोचली नव्हती किंवा त्याने आधीच कोरून ठेवलेलं, आपल्याकडे चालू सालाच्या कॅलेंडरावर जुन्या मंत्र्याचा फोटो येतो तसं. तेन्रीच्या कुरोझुका थडग्यात असे ३३ आरसे एकदम मिळाले, पण ते शवपेटीच्या बाहेर रांगेने ठेवलेले आणि आत डोक्याशी दुसऱ्याच प्रकारचा एक लहान आरसा. त्या ३३ ची किंमत त्या लोकांनाच तेवढी वाटत नसावी असं माझं मत.

पॅनेलवर आरशाला दोनच ओळी. मी इथे एवढं लिहिलं कारण तिथे लिहिता येणार नाही.

१९ जुलै
पिवळं निशाण. सहावी आणि सातवी नोंद. इथेच नाशिमे मला वकिलापेक्षा मोठा वाटायला लागला.

२४३ मध्ये राणीने दुसरी मंडळी पाठवली, आठजण, इसेगी, यायाकु वगैरे, आणि यायाकुलाही तोच सेनानीचा हुद्दा मिळाला. म्हणजे मानकरी वाढले. पण २४५ मध्ये वेईच्या दरबाराने पिवळं निशाण द्यायचं ठरवलं ते राणीला नाही, यायाकुला नाही, तर नाशिमेला, नाव घेऊन. पिवळा हा वेईचा राजरंग आणि हे लढाईतलं निशाण. मराठी वाचकाला एका शब्दात सांगायचं तर जरीपटका. तो काही वकिलाला देत नाहीत, फौजेच्या म्होरक्याला देतात.

आणि मग फाईल अडकली. निशाण दायफांगच्या सुभेदारामार्फत जायचं होतं, तो सुभेदार गोंग त्सुन कोरियातल्या हान लोकांशी लढताना मेला. नवा सुभेदार वांग ची २४७ मध्ये आला. तोपर्यंत निशाण कचेरीत पडून. इकडे हिमिकोचं कुना देशाच्या राजाशी, हिमिकुकोशी, वाजलेलं, तिने माणूस पाठवून लढाईची खबर दिली, तेव्हा कुठे झांग झेंग नावाचा सरहद्दीचा अंमलदार फर्मान आणि ते दोन वर्षं जुनं निशाण घेऊन निघाला आणि नाशिमेला देऊन जाहीरनामा वाचून दाखवला. पुढचंच वाक्य हिमिको मेली. मोठा ढिगारा रचला, व्यास शंभरावर पावलं, बरोबर शंभरावर गुलाम. मग एका पुरुषाला गादीवर बसवलं तर देश ऐकेना, हजारावर माणसं मेली, शेवटी तेरा वर्षांच्या पोरीला राणी केलं तेव्हा शांत झाले. तिने झांग झेंगला परत पोचवायला वीस माणसं पाठवली, म्होरक्या यायाकु.

नाशिमे नाही त्यात. निशाण घेतलं आणि त्याच्यापुढे त्याचं नाव नाही. दादाचं म्हणणं नवा राजा झाला तो हाच असणार. दादाला सगळीकडे वेब सिरीज दिसते. ते पॅनेलवर येणार नाही.

२७ जुलै
सेन्सेईंनी निहोन शोकीचं पान दाखवलं, ७२० सालचा ग्रंथ. जिंगू राणीच्या ३९ व्या वर्षाखाली वेईच्या इतिहासातली ओळ टीप म्हणून दिलीय, हिमिकोचं नावही न घेता, नुसतं 'वा ची राणी'. आणि तिथे वकिलाचं नाव नाशिमे नाही! मधलं अक्षर वेगळं. शो च्या जागी तो. नातोमे. नक्कल करताना दोन अक्षरं सारखी दिसली आणि एकाचं दुसरं झालं. पण ही दोन्ही धान्याचीच मापं आहेत आणि दहा शो म्हणजे एक तो. म्हणजे स्वतःच्या देशाच्या पहिल्या अधिकृत इतिहासात येईपर्यंत आमच्या वकिलाचा तांदूळ दहापट झाला. नाशिमे गेला तेव्हाच्या दायफांगच्या सुभेदाराचं आडनावही लिऊचं देंग झालंय तिथे, आणि यायाकुचं शेवटचं अक्षर बदललंय. एकूण तो नक्कलकार दमलेला होता.

हे पॅनेलवर घेणारच, ५०० शब्द गेले खड्ड्यात.

३ ऑगस्ट
मसुदा ७४० शब्द. ताईने लाल पेनाने १९० उडवले. आरशाच्या दोन ओळींची एक झाली, त्साओ रुई पूर्ण गेला, उवावाला माणूस ताईलाही आवडला म्हणून वाचला. चलनाच्या तळाला इतो बंदराची एक ओळ घातली: राणीने तिथे एक बडा अंमलदार बसवलेला, आजूबाजूचे देश त्याला टरकून असत, आणि बाहेरून आलेली पत्रं आणि भेटी बंदरावरच उघडून तपासायच्या, राणीकडे जाताना एकही नग चुकता कामा नये. म्हणजे लोयांगहून सील करून आणलेले ते पेटारे नाशिमेने इथे सगळ्यांसमोर उघडले असणार, १०० आरसे मोजून. चलनावर 'तपासले : इतो' असा गोल शिक्का काढलाय, लाल रंगात.

१८ ऑगस्ट
प्रिंटला दिलं. मजकूर पीडीएफमध्ये पाठवला होता तरी दुकानात फॉन्ट तुटला म्हणून त्यांनी बघून परत टाईप केलं. प्रूफ आलं तर शिर्षक 'नाशिके : राणीचा वकील'. म ची गाठ सुटून क झाला असावा, किंवा पोरगा नाशिकचा असावा. फोन केला, काका म्हणाले बदलतो हो साहेब, पाच मिनिटं. बदललं. दुसरं प्रूफ चांगलं होतं, ओके दिलं.

२९ ऑगस्ट
लावलं. मुसाशी आणि मुरासाकीच्या मधे, खिडकीजवळ. तीन-चारजण चलनाच्या यादीपाशी थांबून कापडाचा हिशोब करत होते, एका आजींनी १५८ नऊवाऱ्या म्हटल्यावर जोरात 'अगंबाई' केलं. सेन्सेई शेवटपर्यंत सगळं वाचून गेल्या, बारीक अक्षरातलं २३८ सुद्धा. जाताना खाली बोट दाखवलं. उजव्या कोपऱ्यात, 'हस्ते' च्या रकान्यात, नाशिके.